वाळूच्या पट्टीवरची पेज

गावी मी भिक्षुकी करीत असे. दुबईत मुलाकडे आल्यापासून माझी सर्व धर्मकृत्ये बाल्कनीत होतात. ताम्हण, पळी, तीळ आणि गावाहून येणारा दर्भ एवढे जवळ असले की फारसे अडत नाही. अग्नीचे तेवढे अडते.

आमच्या खालच्या मजल्यावर एक शिक्षिका राहतात. त्या माझ्या नातीला गणित शिकवतात. मूळच्या श्रीलंकेच्या उत्तरेकडील तमिळ, घराणे शिवभक्त. नातीचे ऐकून त्याही मला आजोबा म्हणू लागल्या. एका संध्याकाळी शिकवणी संपल्यावर त्या थांबल्या आणि मोडक्या हिंदीत, अडेल तिथे नातीच्या मदतीने, त्यांनी आपले काम सांगितले. त्यांचा थोरला भाऊ तिकडच्या यादवीतील अखेरच्या लढाईत नाहीसा झाला. देह मिळाला नाही. तिथीही ठाऊक नाही. गावी आई आहे, पण ती श्राद्धाचा विषय काढू देत नाही. तेव्हा आईला न कळवता भावाचे उत्तरकार्य इथे व्हावे, अशी त्यांची इच्छा होती. त्याला असे अधांतरी ठेवणे त्यांना सोसवत नव्हते.

शास्त्र मला ठाऊक होते. बेपत्ता माणसाची बारा वर्षे वाट पाहावी. नंतर दर्भाची व पळसाच्या पानांची प्रतिमा करून तिचे दहन करावे. बारा वर्षे कधीच उलटली होती. मी अमावास्या नेमून दिली. मुलगा म्हणाला, “बाबा, बाल्कनीत धूर केलात तर अलार्म वाजेल, आणि तुमच्या यजमानांच्या आधी फायरवाले येतील.” शेवटी शिक्षिकेच्या पतीने अल क्वोज या कारखान्यांच्या भागातल्या आपल्या वर्कशॉपमागचे मोकळे आवार सुचवले. विधी घरी आणि दहन तिथे, असे ठरले.

अमावास्या सुट्टीच्या दिवशी आली. पळसाची पाने मिळाली नव्हती, म्हणून नुसत्या दर्भाची प्रतिमा बांधली. संकल्पापूर्वी मी विचारले, की भाऊ शेवटचा कुठे दिसला होता. मला केवळ स्थळाचा उच्चार करायचा होता. त्यांनी त्या जागेची सारी हकिगत सांगितली.

एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाजण आणि मध्ये वाळूची चिंचोळी पट्टी. पूर्वी तिथे कोळी जाळी वाळवीत. लढाई एकेक गाव गिळत पुढे आली, तशी माणसे तिच्यापुढे सरकत त्या पट्टीवर गोळा झाली. जागा सुरक्षित आहे असे सांगण्यात आले होते. तोफगोळे तिथेही पडले. बायकांनी लग्नातल्या साड्या फाडून पिशव्या शिवल्या, त्यांत वाळू भरली आणि खड्ड्यांभोवती रचली. खायला तांदूळ, पाणी आणि मीठ यांची पातळ पेज. तीही रांगेत उभे राहून. भाऊ भांडे घेऊन त्या रांगेकडे गेला, तो परतला नाही.

आता तिथे झुडपे वाढली आहेत. कोळीही परतले आहेत. वाळूत अजून चपला आणि भांडी सापडतात. दरवर्षी लोक तिथे जमतात, तीच पेज शिजवतात आणि येईल त्याला वाटतात. आईही जाते.

“आई वाढायला उभी राहते,” शिक्षिका म्हणाल्या. “भांडं पुढे आलं की आधी चेहरा बघते, मग वाढते.”

मी प्रतिमा खाली ठेवली. आईला विचारल्यावाचून हे कर्म माझ्याने होणार नाही, असे सांगितले.

“ती नाहीच म्हणेल. आणि बारा वर्षं पुरेत, हे तुम्हीच म्हणालात ना, आजोबा?”

“म्हणालो होतो. पण त्यांचं शोधणं अजून चालू आहे, हे मला माहीत नव्हतं.”

शेवटी शिक्षिकेने आईला व्हिडिओ कॉल लावला. नातीने फोन हातात धरला. पडद्यावर पांढऱ्या केसांची एक किरकोळ बाई दिसली. आधी मुलीला बोलणी बसली. ती तमिळमध्ये होती, तरी मला समजली. नंतर त्यांनी माझ्याकडे पाहून विचारले, की हा म्हातारा कोण आणि याचे वय काय. ते कळल्यावर त्या जे बोलल्या, ते शिक्षिकेने शब्दशः सांगितले.

“मी आहे तोवर त्याचं काही करू नका. मी गेले की दोघांचं एकाच दिवशी करा. पण त्यांना विचार, तोवर ते टिकतील का?”

“आजोबा, शी हॅज अ पॉइंट,” नात म्हणाली. मलाही हसू आले. मी त्यांच्याहून वयाने मोठा आहे. मी निरोप दिला, की मी नसेन, पण तुमच्या मुलीला सगळे शिकवून ठेवतो. मी शिकलो त्या पाठशाळेत स्त्रियांना हे कोणी शिकवत नसे. भावाचे आणि आईचे कार्य करायला दुसरे कोणी नाही. म्हणून माझ्या दृष्टीने अधिकार शिक्षिकेचाच.

प्रतिमेच्या गाठी सोडून मी दर्भ मोकळा केला. त्या वाळूवर मेलेल्या, ज्यांना पाणी द्यायला कोणी उरले नाही, अशांसाठी तेवढे तिलोदक दिले. भावाला त्यांत धरले नाही.

आता दर शनिवारी नातीचे गणित संपले की शिक्षिका माझ्यासमोर बसतात. मंत्र तमिळ लिपीत उतरवून घेतात. महाप्राण वर्ण त्यांच्या जिभेवर मऊ पडतात. ते आम्ही पुन्हा पुन्हा घोकतो. संकल्पात मृताचे नाव घेण्याची जागा आली की त्या थांबतात. मीही नाव विचारत नाही, पुढचा शब्द सांगतो.