कान म्हणजे कढई नव्हे

शारजात आमच्या व्हिलाच्या खालच्या मजल्यावर एक मराठी कुटुंब राहायचं, काका, काकू आणि दोन पोरं. त्यांच्या लांब कानांच्या स्पॅनियल कुत्र्याची शिक्षा ठरली होती. शुक्रवारी पिकअप येणार आणि काकांच्या हमरिया फ्री झोनमधल्या फॅक्टरीच्या गेटवर त्याला राखणीला बांधणार. गुन्हा काय, तर काकांनी डोक्यावरून हात फिरवला आणि तो चावायला धावला.

धावेल नाही तर काय करेल? कान सडला होता त्याचा. सुट्टीच्या दिवशी समुद्रात डुंबवायचं, कान कोरडे करायचे नाहीत, आणि तो डोकं झटकू लागला की काकू त्यात लसूण घालून कढवलेलं कोमट खोबरेल ओतायच्या. आत पू झाला होता, पण घरभर लसणीचाच वास, कळणार कोणाला?

मी तेव्हा विशीतली, प्राणिमित्रांच्या गटासाठी पत्रकं लिहायचे. सरळ सांगितलं, तेल बंद करा, डॉक्टरला दाखवा. काकू म्हणाल्या, "माझी दोन्ही पोरं ह्याच तेलावर वाढलीत." सोफ्यावरची थोरली मान वर न करता म्हणाली, "आय हेटेड इट, मम्मा."

बुधवारी काकूंकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं आणि वाणाचे डबे पिशव्यांत भरायचं काम माझ्याकडे. आमच्या बायका हातात दिलेला कागद वाचत नाहीत, पण वाण मात्र जागेवरच उघडून बघतात. मी प्रत्येक डब्यात तिळगुळाशेजारी एक घडी सरकवली. मथळा: 'कुत्र्याचा कान म्हणजे फोडणीची कढई नव्हे.' खाली लक्षणं: मान झटकणं, कान खाजवणं, घाण वास, हात लावला की गुरगुरणं.

इथल्या मराठी मंडळाच्या अध्यक्षीणबाईंनी मथळा मोठ्यानं वाचला. काकूंनी माझ्याकडे असं पाहिलं की मीच कढईत. तेवढ्यात आरोपी आतून आला, बाईंच्या पैठणीशेजारी थांबला आणि त्यानं जोरात मान झटकली. तपकिरी तेलकट शिंतोडे थेट पदरावर. बाईंनी पदर हुंगला. लक्षणांची यादी पुन्हा वाचली. मग शांतपणे म्हणाल्या, "उद्या दवाखान्यात न्या ह्याला."

अध्यक्षीणबाईंचा शब्द मोडायची कोणाची टाप नव्हती. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी कानात बॅटरी धरली आणि आत काय काय घातलं ते विचारलं. काकू पुटपुटल्या, "ऑइल. लिटल गार्लिक." डॉक्टरांनी कान धुतला, औषध दिलं आणि सांगितलं की कुत्रा तापट नाही, दुखण्यानं बेजार आहे. परत येताना गाडीत काकू माझ्याशेजारी कुत्र्याचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

शुक्रवारी पिकअपचा हॉर्न वाजला. काका पट्टा घेऊन निघाले, तर काकू औषधाची बाटली धरून दारात उभ्या.

"सकाळ-संध्याकाळ हे थेंब फॅक्टरीत कोण घालणार, तुमचा फोरमन?"

"अगं, पण तो मला चावतो."

"मग बरा होईपर्यंत डोक्याला हात लावू नका. कुठ्ठे जाणार नाही तो. विषय खलास."

काकांनी बाहेर जाऊन ड्रायव्हरला हिंदीत समजावलं की साहेबांचाच, म्हणजे आपलाच, विचार बदलला.