छातीशी धरलेली गिटार

"मुकी हाय रे ही," असं म्हणून तो गिटार परत द्यायचा. कुणाचीही असो, कितीही भारी असो. वायर न जोडताच ती छातीशी घट्ट धरायचा, तिचं वरचं टोक गळ्याखालच्या हाडाला टेकवायचा, डोळे मिटायचा आणि सगळ्या तारांवरून एकदा हात फिरवायचा. दुकानदार म्हणायचा, "अहो, इलेक्ट्रिक गिटार आहे ही, वायरीशिवाय काय कळणार? थांबा, लावून देतो." तोवर याचा निकाल लागलेला असायचा. मुकी म्हणजे मुकी. क्वचित एखादी आवडली तर "ही बोलते" एवढंच म्हणायचा.

तुम्ही पाहिलं असतं तर तुम्हालाही वाटलं असतं, काय नाटकं आहेत! मला तरी तसंच वाटायचं. कलाकारांची नाटकं मी फार पाहिली आहेत. माझा बोईसरला साउंडचा धंदा. हळद, साखरपुडा, गणपती, नवरात्र, जिथे स्पीकर लागतो तिथे मी. कुणाला गरम पाणी लागतं, कुणाला मध लागतो. एका गायकाला तर माईकला स्वतःचा रुमाल बांधल्याशिवाय सूर सापडत नसे. त्यात हा एक हाडाला गिटार टेकवणारा. म्हटलं, चालू दे बाबा तुझं.

तो तारापूरच्या एमआयडीसीत एका कंपनीत ऑपरेटर होता. हवा दाबून पुढे पाठवणारी मोठमोठी मशीनं जिथे सतत धडधडत असतात, त्या शेडमध्ये त्याची ड्युटी. मूळचा किनाऱ्यावरच्या गावचा, पण बोईसरला भाड्याची खोली घेऊन राहायचा. शिफ्ट सुटली की कंपनीच्या बसमधून उतरून सरळ माझ्या गोडाउनवर. चहा प्यायचा, एखाद्या खोक्यावर बसायचा आणि कडेला पडलेली गिटार मांडीवर घ्यायचा. बोलणं कमी. मी धंद्यातल्या लोकांना शिव्या घालत असायचो, तो माझ्या तोंडाकडे बघत ऐकायचा. इतकं मन लावून माझं माझ्या घरीसुद्धा कुणी ऐकत नाही.

ज्या बँडला मी साउंड द्यायचो त्यातच तो वाजवायचा. बँड हळदीचा, गाणी सगळी नाचाची. याचा जीव मात्र रॉकमध्ये. त्यामुळे प्रत्येक कार्यक्रमात एका गाण्याच्या मधोमध त्याला त्याचा तुकडा मिळायचा. तेव्हा गायक, कीबोर्ड, ऑक्टोपॅड, सगळ्यांनी गप्प बसायचं आणि यानं एकट्यानं वाजवायचं. संपत आलं की हा स्टेजवर जोरात पाय आपटायचा आणि त्या पायाबरोबर सगळे पुन्हा सुरू व्हायचे. नवरीला हळद लागतेय आणि स्टेजवर हे रॉक! पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी मिक्सरवरचा हात काढून घेतला आणि नुसता बघत राहिलो. समोर नाचणाऱ्या बायाही थांबल्या होत्या.

त्याची स्वतःची गिटार पांढरी, पातळ आणि हलकी. आता गिटार बदलली की स्टेजवरचा आवाज कसा बदलतो ते साउंडवाल्याकडून ऐका. तारांखाली एक पट्टी असते, ती आवाज उचलते, तिला पिकअप म्हणतात. जड गिटार आणि तिला जाड पिकअप असला की आवाज घट्ट वरणासारखा येतो. एकटी वाजवली तर वा! पण कीबोर्ड आणि बेस सुरू झाले की ती त्यांच्यात मिसळून जाते, शोधावी लागते. हलकी, बारीक पिकअपची गिटार एकटी ऐकाल तर जराशी कर्कश वाटेल. गर्दीत मात्र तिचा सूर असा वर निघतो की शेवटच्या खुर्चीतला माणूस मान वळवतो. तिला खोड एकच. जवळ जनरेटर नाहीतर हॅलोजन असला की ती 'घूंऽऽ' करत राहते.

मग हा स्टेजवर हळूहळू गोल फिरायचा. एका बाजूला तोंड केलं की ते घूं बंद होतं. मी मिक्सरवरून हात वर केला की तो तिथेच थांबायचा. ती बाजू नेमकी लोकांकडे पाठ करणारी असायची, दरवेळी! मासवणला एका लग्नात नवऱ्याचा मामा माझ्याकडे आला. "काय ओ, तो गिटारवाला आमच्यावर रुसला हाय काय? जेवला ना तो?" मी त्याला पिकअप, जनरेटर सगळं समजावलं. मामानं मान डोलावली आणि जाऊन याच्यासाठी भरलेलं ताट स्टेजमागे पाठवलं.

हे घूं आणि ही पाठ, दोन्ही आमच्या गायकाला खपत नव्हतं. बँड त्याचा, तोच मालक. एक दिवस त्यानं मुंबईहून काळीभोर, जडच्या जड गिटार आणली आणि याच्या हातात दिली. "यापुढे हीच वाजवायची."

यानं ती छातीशी धरली, डोळे मिटले, हात फिरवला. "मुकी हाय."

"अरे, मोठमोठे रॉकवाले असलीच वाजवतात!"

"वाजवू दे त्यांना. माझ्याशी नाय बोलत ती."

"बोलायला ती काय बायको आहे तुझी?"

सगळे हसले. तोही हसला, पण जरा उशिरा. आमच्याकडे बघून.

पुढचा कार्यक्रम मनोरला होता, भर दुपारी. काळी गिटार घेऊन हा उभा राहिला. आज लोकांकडे तोंड होतं. घूं नाही, काही नाही, गायक खूश. पण पहिल्याच गाण्यात मला चुकल्यासारखं वाटायला लागलं. हा मागे पडत होता. थोडासाच, पण पडत होता. म्हटलं शिफ्ट करून आलाय, झोप नसेल झाली. तेवढ्यात स्पीकरमधून कर्कश शिट्टी यायला लागली. कुठून येतेय ते बघायला मी मिक्सरवरची एकेक लाईन बंद करत गेलो. त्यात त्याचीही बंद केली.

गिटारवाल्याचा आवाज मध्येच बंद केला तर काय होतं, ते तुम्हाला सांगतो. त्याची मान ताडकन वर येते आणि तो असा बघतो की जणू तुम्ही त्याच्या ताटातली पापलेटची तुकडी उचललीत. हा वाजवतच राहिला. मोठा स्पीकर बंद, पायाशी ठेवलेल्या छोट्या स्पीकरमधलाही त्याचा आवाज बंद, आणि हा डोळे मिटून, मान हलवत वाजवतोय. मी बटण पुन्हा बघितलं. बंदच होतं. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. मी घाईघाईनं लाईन चालू केली.

कार्यक्रम संपल्यावर मी त्याला हायवेवरच्या एका हॉटेलात नेलं. चहा आला. मी म्हटलं, "तुला ऐकू येत नाही."

तो माझ्या तोंडाकडे बघत होता. नेहमीसारखाच. आयला, इतकी वर्षं तो माझं ऐकत नव्हता, माझे ओठ वाचत होता!

"डावा गेला," तो म्हणाला. "उजव्यात शिट्टी वाजते दिवसभर. तिच्या पलीकडून कधीमधी कायतरी येतं."

"कंपनीत कानात घालायला बोळे देतात ना?"

"देतात की. पण बोळे घातले तर मशीन कशी आयकायची? बेअरिंग जायच्या आधी आवाज बदलतो तिचा. तो पकडायचा असतो. आमच्यात चांगला ऑपरेटर बोळे नाय घालत. घालतो त्याला हसतात."

माझं डोकंच फिरलं. "अरे माणसा! कान तिखट म्हणून मिरवायला कान घालवलेस?"

बाजूच्या टेबलावरचे लोक वळून बघायला लागले. त्याला ते कळलं नाही. तो शांतपणे बशीत चहा ओतत होता. डॉक्टरला दाखवून झालं होतं. गेलं ते येणार नाही, उरलंय ते सांभाळा, असं डॉक्टर म्हणाले होते. कंपनीत त्यानं खातं बदलून घेतलं होतं. घरच्यांना सांगितलं होतं. बँडला तेवढं सांगितलं नव्हतं.

"मग वाजवतोस कसा?"

"ती पांढरी पातळ हाय ना, थरथरते. छातीला लागली की सगळं समजतं मला. कुठला सूर, किती लांब गेला, सगळं. ही काळी म्हणजे नुसता दगड. आणि तुझ्या बेसनं पायाखालच्या फळ्या हादरतात, त्यातून ताल येतो." तो स्टेजवर चपला काढून चढायचा. आम्ही म्हणायचो, केवढी श्रद्धा आहे याची!

मग त्यानं माझा हात धरला. "त्याला सांगू नको. काढून टाकील मला. वाजवायला नाय मिळालं तर मी काय करू रे? ड्युटी करून नुसता झोपू काय?"

मला राग येत होता, कुणाचा ते कळत नव्हतं. नाही सांगणार, एवढं म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मी गायकाला गाठलं आणि काळीचा आवाज कीबोर्डमध्ये बुडतो, लोकांना गिटार ऐकूच येत नाही, असं ठणकावून सांगितलं. ते खरंच होतं. पांढरी परत आली. मी बेसचं मोठं खोकं त्याच्या पायांजवळ सरकवलं. माझी जागा त्याला दिसेल अशी घेतली. आवाज जास्त झाला की तळहात खाली, कमी झाला की वर. गाणं कुठे आलं ते तो गायकाच्या ओठांवरून बघायचा. गायक मला म्हणाला, "सुधारला हं हा. बघ कसा एकटक माझ्याकडे बघत असतो. याला म्हणतात आदर." मी खोकल्याचं निमित्त करून वायरी बघायला गेलो.

असं बरेच दिवस चांगलं चाललं. त्याचा तुकडा तर आधीपेक्षा छान व्हायला लागला. कार्यक्रम झाला की तो माझ्याकडे बघून भुवया उडवायचा आणि मी अंगठा वर करायचो. आम्हा दोघांनाही वाटायला लागलं होतं की हे असंच निभावून जाईल.

मग तारापूरच्या बाजूला किनाऱ्यावरच्या एका गावात हळद आली. दुपारची वेळ. समुद्रावरून वारा, मंडपाचं कापड फडफडतंय, लख्ख उजेड. लाईट नव्हती म्हणून सगळं जनरेटरवर. गाणं रंगलं, त्याच्या तुकड्याची वेळ आली. सगळे थांबले. यानं डोळे मिटले, गिटार छातीशी ओढली आणि सुरुवात केली.

आणि जनरेटर बंद पडला.

मी सवयीनं तिकडे धावलो. चार पावलं गेलो असेन नसेन, आणि मागून बारीक आवाज आला. टिण टिण टिण. इलेक्ट्रिक गिटार वीज नसताना जेवढी वाजते तेवढीच. मी वळून बघितलं. तो वाजवत होता. सगळा जोर लावून, घामानं निथळत, डोळे मिटून वाजवत होता. लाकूड छातीशी थरथरत होतं. ते कशाला थांबेल? या तुकड्यात पायाखालचा ताल तर एरवीही थांबलेलाच असायचा, वीज गेल्याचं त्याला कळणार कुठून?

आधी लोक हसले. त्यांना वाटलं गंमत करतोय. मग त्यानं पाय आपटला, सगळ्यांनी सुरू करायचा तो पाय. ऑक्टोपॅडवाल्यानं काठी मारली, पण तेही विजेवरचं, आवाज कुठून येणार? तो काठ्या वर धरून तसाच उभा राहिला. याला वाटलं असावं, पोरं चुकली. सांभाळून घेतल्यासारखं हसला आणि तुकडा पुन्हा पहिल्यापासून धरला. आता कुणी हसेना. पुढे बसलेली एक म्हातारी बाई शेजारणीला म्हणाली, "अगो, याला आयकू येत नाय!" मंडपातल्या प्रत्येकाला ते ऐकू गेलं. गायकाला तर गेलंच. त्याचं तोंड उघडं पडलं होतं. दोघातिघांनी मोबाइल वर केले. "खाली ठेवा ते!" मी असा ओरडलो की माझाच आवाज मला ओळखता आला नाही.

मी स्टेजवर चढलो. तारांवर हात ठेवून थांबवणार होतो. पण जवळ गेल्यावर ते बारीक वाजणं नीट ऐकू आलं आणि हात पुढे होईना. त्यानं तुकडा पुरा केला. पुन्हा पाय आपटला. पायाखालून काहीच आलं नाही. मग मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

त्यानं डोळे उघडले. माझ्याकडे बघितलं, मंडपाकडे बघितलं. "लाईट कधी गेली?"

"आत्ताच," मी खोटंच म्हटलं. ओठ नीट हलवून म्हटलं.

त्यानं ऑक्टोपॅडवाल्याकडे बघितलं. तो मान खाली घालून उभा होता. मग गायकाकडे बघितलं. त्याला सगळं समजलं. त्यानं वायर काढली, गिटार पिशवीत घातली आणि चपला शोधायला खाली वाकला.

बोईसरची खोली त्यानं सोडली. नोकरीही सोडली म्हणतात. फोन करून उपयोग नाही, म्हणून मेसेज पाठवतो. वाचलेला दिसतो, उत्तर येत नाही. गायक स्वतः त्याच्या गावी जाऊन आला, तू नुसता येऊन बस म्हणाला. तो घराबाहेर आलाच नाही. बँडमध्ये आता दुसरा गिटारवाला आहे. चांगला वाजवतो.

त्या दिवशी स्टेजवरून उतरता उतरता तो पुन्हा वळला होता. सगळा मंडप बघत होता आणि तो माझ्या तोंडाकडे बघत होता.

"वाजलं तरी बरोबर ना?" त्यानं विचारलं.

"अगदी बरोबर," मी म्हटलं. हे मात्र मी खरं सांगितलं.