आट्यांच्या तळाशी निळं

ही गोष्ट अजून माझ्या तोंडून बाहेर पडलेली नाही. नवरा गेला, तोही हे न कळताच गेला. आता तुम्हाला सांगते — टायटॅनियमला मी लोखंडासारखं दामटलं. शुद्ध मूर्खपणा. पण मूर्खपणाची कसली लाज? लाजेचं पुढे आहे.

तलासरीच्या एका लहान कारखान्यात मी लेथवर होते. धाकट्या डहाणूची, मासळीची पाटी सोडून डब्याची पिशवी घेतलेली बाई — काय तो तोरा! नुसत्या आवाजावरून टूल बोथट झालं की नाही ते ओळखते म्हणायची. म्हणायची, हं. शेजारच्या लेथवर सविता. डोंगराकडच्या पाड्यावरून चालत यायची. हे काम होतं म्हणून तिला दिवाळीनंतर नवऱ्यामागे वीटभट्टीवर जावं लागत नव्हतं. काम तिला मीच शिकवलेलं — हे मी दिवसातून दोनदा ऐकवत असे.

मग रसायनाच्या पंपांसाठी टायटॅनियमचे बोल्ट आले. चिवट धातू. कापताना उष्णता धातूच्या बुऱ्याबरोबर निघून जात नाही, टूलच्या टोकाशीच कोंडते. टोकं भराभर जळायला लागली. सविताने लेथ हळू केला, टूल गार ठेवणाऱ्या कुलंटची नळी वाकवून धार नेमकी टोकावर सोडली आणि टोक बोथट होण्याआधीच बदलायला लागली. विचारून नाही, बघून बघून.

"अगं, बोल्ट करतेस की भात शिजवतेस?" मी म्हणायची.

"शिजू दे की बाय," ती हसायची.

तिचे बोल्ट चांगले निघत होते. मला दिसत नव्हतं का? दिसत होतं. म्हणून — म्हणूनच — एका दुपारी मी वेग वाढवला. माझ्या त्या नावाजलेल्या कानांना काही वेगळं ऐकू आलं नाही. बोल्ट निघाला तो आट्यांवर निळा. निळा म्हणजे जळलेला. ज्याच्या ट्रेमध्ये असा सापडेल तो घरी, हे साहेबांनी बजावलेलं. मी मशीनच्या आडोशाला पॉलिश पेपरने तो घासला. चकचकीत झाला. तरी धीर होईना. माझा हात सविताच्या ट्रेकडे गेला — नाही, गेला नाही. मी नेला.

कारखाना सुटायच्या आधी साहेबांनी बोल्टांना भिंग लावलं. आट्यांच्या तळाशी बारीक निळी रेघ. पेपर तिथवर पोचत नाही, एवढंही माझ्यासारख्या हुशार बाईला सुचलं नव्हतं! घासल्याचं साहेबांच्या लक्षात आलं नाही. त्यांनी निळं पाहिलं, ट्रे कुणाचा ते पाहिलं. सविता डबा आवरायला लागली. मी कुलंटची बादली पुसत होते. बादली कोरडीच होती.

दिवाळीनंतर ती भट्टीवर गेल्याचं कळलं.

मी लेथ हळू केला. नळी वाकवली. टोकं टिकायला लागली. नव्या मुलींना ते "मावशींची पद्धत" म्हणून शिकवलं गेलं, माझ्या निरोपाच्या दिवशी साहेबांनी शाल घालताना भाषणातही तेच सांगितलं. मी शाल घेतली. अजून वापरते.

वाईट वाटतं का? खरं सांगू — आत चाचपते, तर हाताला काही लागत नाही. रडू तेव्हाही आलं नाही, आता लिहितानाही नाही. आजही मी चिकू खाते आणि बिया गुपचूप नातीच्या ताटात सरकवते. "आजी, चीटिंग!" ती ओरडते, सगळं घर हसतं. मीही हसते. सरकवायचं मी कुठे शिकले, कुणी कशाला विचारेल?

एवढंच राहिलं. निळा बोल्ट सापडला त्या संध्याकाळी मी गेटवर जीपची वाट बघत होते. साहेबांची खोली मागे, दहा-बारा पावलांवर. जीप यायला वेळ होता. सविता डबा घेऊन बाहेर आली, माझ्यापाशी थांबली. माझ्या काळवंडलेल्या बोटांकडे बघितलं. मग शिकवणाऱ्या बाईसारखं, हळू, समजावून म्हणाली —

"बाय, निळं पॉलिश पेपरने जात नाय, आट्याच्या बुडाला राहतं. नळी टोकावर धर, मंग येतच नाय."