ठसकामामांची मिरची

ठसकामामा स्वयंपाकघरात शिरले की कुणाच्या तोंडाकडे बघत नसत, आधी वर बघत. "या मामा, चहा घ्या," म्हटलं तरी मान वरच. मग शर्टाच्या खिशातून एक वाळलेली लाल मिरची काढायची, तापलेल्या तव्यावर टाकायची आणि स्वतः दाराशी जाऊन उभं राहायचं. चुलीवरची चिमणी धूर नीट ओढत असली तर काही होत नसे. तुंबलेली असली की भाकरी थापणारीपासून भांडी घासणाऱ्यापर्यंत एकेकाला ठसका लागे आणि पुढच्या हॉलमधली गिऱ्हाइकंही नाकाला रुमाल लावत. "आते सांगा," मामा दारातून विचारत, "धूर वर जाई ऱ्हायना का तुमना नाकमा?" तोवर सगळे खोकत त्यांच्याच अंगावरून बाहेर धावत.

शहाद्याच्या रस्त्यावर आमचं हॉटेल आहे. प्रकाशा या तीर्थाच्या गावी दर्शनाला येणारी-जाणारी माणसं हे आमचं मुख्य गिऱ्हाईक. मामा रनाळ्याचे. हॉटेलांच्या चुलींवरच्या चिमण्या आणि त्यांच्यापासून छपराबाहेर जाणारे पत्र्याचे डक्ट साफ करायचे, हा त्यांचा धंदा. त्यांना खरं नाव होतं, पण आमच्या पोरांनी ठेवलेलं नावच सगळीकडे चाललं. पुढे पुढे तेही फोनवर "मी ठसकामामा बोली ऱ्हायनू" असंच सांगायचे.

काम मात्र बघत राहावं असं. खताच्या रिकाम्या गोण्या उसवून आधी सगळ्या शेगड्या झाकायच्या. चिमणीच्या जाळ्या काढून मागच्या अंगणात सोड्याच्या उकळत्या पाण्यात बुडवायच्या. मग पत्र्याची खरवडणी घेऊन खांद्यापर्यंत चिमणीत शिरायचं. आतून काकवीसारखं काळं, चिकट काहीतरी डब्यात पडत राही. वर्षभराच्या फोडण्यांचं तेल होतं ते. मामा तो डबा आमच्या ह्यांच्या नाकाखाली धरत. "दादा, हाई दखा. खाले इस्तो, वर तेल. अन् मधमा आपन." एवढं बोलून ते पुन्हा वर चढत. पण खाली विस्तव, वर तेल आणि हे 'मधमा आपन' माझ्या डोक्यातून दिवसभर जात नसे. शेवभाजी ढवळताना मधेच मान वर जाई.

खरं म्हणजे मामा अतिशय भित्रे होते. त्यांच्याइतका विस्तवाला भिणारा माणूस मी पाहिला नाही. ते आमच्या स्वयंपाकघरात कधी जेवले नाहीत. आपली भाकरी घेऊन बाहेर निंबाखाली बसत, तेही दाराकडे तोंड करून. आमचे हे त्यांना चिडवत, "मामा, भित्यापाठी ब्रह्मराक्षस!" मामा घास चावत शांतपणे म्हणत, "दादा, ब्रह्मराक्षस मांगे ऱ्हास. हाऊ डोकावर शे." मला त्यांचा राग यायचा. धंद्याच्या जागी येऊन अशुभ बोलू नये, असं वाटायचं. मी एकदा तसं तोंडावर सांगितलंही. ते म्हणाले, "वहिनी, तुमी मन्हावर राग करा. पन वर दखत ऱ्हा."

अशा माणसानं आपली पोर आमच्याच चुलीपाशी आणून उभी केली. नंदा, त्यांची एकुलती एक. नवरा वारल्यावर ती रनाळ्याला परत आली आणि मामांनी आमच्याकडे तिच्यासाठी शब्द टाकला. भाकरी आणि भरीत यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. "मामा, एवढी भीती वाटते तर इथं कशाला आणलीत?" मी विचारलं. "पोटले भाकर बी लागस ना, वहिनी," ते म्हणाले. त्यानंतर मात्र गरज असो-नसो, ते वरचेवर येऊ लागले. मिरची टाकून बघायचे, नंदाकडे बघायचे आणि जायचे.

त्याच काळात त्यांनी तो आंधळ्या कोशिंबिरीचा खेळ सुरू केला. दुपारी गिऱ्हाईक ओसरलं की नंदाच्या डोळ्यांवर तिचाच पदर बांधायचे, तिला गोल फिरवायचे आणि सांगायचे, "आते गॅसनी चावी बंद कर. मंग बाहेर निंघ." ती चाचपडत भिंतीला धरून जाई, कधी पिठाच्या डब्याला धडके, कधी कुणाच्या पोटाला हात लावी. आम्ही पोट धरून हसायचो, तीही हसायची. मामा हसत नसत. "धूरमा डोया काम येतस नहीत, हात येतस," ते म्हणत. "अन् एकदाव बाहेर निंघनात का मांगे फिरानं नही. मांगे देव बी ऱ्हायना तरी नही." मग एकेकाला ते करायला लावत. मलाही लावलं. पदराआडच्या त्या अंधारात चावी हाताला लागेना, तेव्हा माझं हसू कुठल्या कुठे गेलं.

थंडीचे दिवस होते. वांगी भरास आली होती आणि आमच्याकडे भरीत म्हणजे कपाशीच्या काड्यांवर भाजलेल्याच वांग्यांचं. गॅसवर भाजलेलं वाढलं तर गिऱ्हाईक ताट पुढं सरकवून देतं. वांगी आम्ही नेहमी मागच्या अंगणात भाजायचो. त्या दिवशी मामा सफाईला आले होते. जाळ्या काढून झाल्या, खालचा भाग खरवडून झाला; वर डक्ट जिथं वळतो तिथलं तेल तेवढं राहिलं होतं. "वरला वाक बाकी शे. मी सांगसू तवयच गॅस पेटाडा," असं बजावून ते मागच्या हौदावर जाळ्या घासायला बसले.

तेवढ्यात दर्शनाहून परतणारी बस थांबली. सगळ्यांना भरीत हवं. बाहेर वारा असा सुटला होता की काड्या पेटेनात, पेटल्या की ठिणग्या अंगणभर. आमच्या ह्यांनी काड्यांचा भारा आत आणून मागच्या दाराजवळ टाकला आणि चिमणीखाली लोखंडी परातीत जाळ केला. नंदा म्हणाली, "आबा नही म्हनेल शेतस." हे म्हणाले, "मामांनी गॅसला नाही म्हटलंय, काड्यांना नाही. एवढी गाडी निघू दे." चिमणीचा पंखा लावला. एक चूल पेटली की दुसरीला कोण अडवतं? फोडणीसाठी गॅसही पेटला. पंखा धूर झकास ओढत होता. कुणाला ठसकासुद्धा लागला नाही.

एका काडीच्या बोंडात वेचायचा राहिलेला कापूस होता. तो पेटला, काडीवरून सुटला आणि हळूच तरंगत वर गेला. मी हॉलच्या दारातून तो जाताना पाहिला. वर त्याला अडवायला जाळी नव्हती.

आधी आवाज आला. दळणाची गिरणी सुरू व्हावी तसा डक्ट घुमायला लागला. सगळ्यांच्या माना वर गेल्या आणि कुणी हलेना. मग पेटते काळे थेंब खाली पडू लागले. कुणीतरी पाण्याची बादली उचलली. "पानी नको!" नंदा किंचाळली. पुढच्या क्षणी धूर खाली आला आणि मला माझाच हात दिसेना. माणसं धडपडत हॉलमध्ये आली. सगळ्यांच्या शेवटी भिंतीला धरून, डोळे मिटलेली नंदा आली. मागच्या दाराजवळचा भारा पेटला होता, म्हणून ती पुढून निघाली होती. मी तिला कवटाळली आणि त्याच वेळी आतून हाक आली, "नंदा!"

मामा मागच्या दारानं, तो जळता भारा ओलांडून आत शिरले होते. "मामा, नंदा इथं आहे!" मी ओरडले. ती ओरडली, "आबा, मी आठे शे!" त्या घुमण्यात आमचा आवाज आमच्यापर्यंतच राहत होता. आत ते शेगडीशेगडीपाशी तिला शोधत होते. हाक ऐकू येई, मग खोकला, मग पुन्हा हाक. नंदा आत जायला झेपावत होती आणि मी तिला सर्व ताकदीनं धरून ठेवली होती. आयुष्यात इतकी भ्याले नाही मी, आधी नाही आणि नंतरही नाही. मग हाक यायची थांबली, नुसता खोकला राहिला.

तोवर ह्यांनी मेन स्विच पाडला. पंखा थांबला, घुमणं उतरलं. "आबा!" नंदानं पुन्हा हाक मारली, आणि या वेळी ती पोचली. भिंतीच्या कडेनं रांगत मामा बाहेर आले. ह्यांनी गल्ल्यामागचं आग विझवायचं लाल नळकांडं आणून आत मारलं. डक्ट मात्र बंब येईपर्यंत जळत राहिला.

मामांनी डोळे उघडले नव्हते. दोन्ही हातांनी ते नंदाचं तोंड चाचपत होते, नाक, कान, वेणी. "चावी?" त्यांनी विचारलं.

"बंद करी," ती म्हणाली आणि मग रडत रडत त्यांच्यावर चिडली, "मांगे फिरानं नही, तुम्हीच सांगेल शे ना?"

"मी कोठे मांगे फिरनू?" मामा खोकत म्हणाले. "मी ते पुढेच उनू, तुन्हाकडे."

स्वयंपाकघर पुन्हा उभं राहिलं. वांगी आता बाहेरच्या आडोशाला भाजतात, वारा असो की काही असो. मामांच्या छातीत बसलेला धूर मात्र निघाला नाही. तरी ते आले एकदा, नंदाच्या खांद्यावर हात ठेवून. वर पाहिलं, खिशातून मिरची काढली, तव्यावर टाकली. आम्ही श्वास रोखून उभे. तेवढ्यात जोराचा ठसका ऐकू आला आणि सगळ्यांचे हात एकदम गॅसच्या चावीकडे गेले. मामा दाराची चौकट धरून हसत होते. मी त्यांना हसताना पाहिलं ते तेवढंच. "भिऊ नका," ते म्हणाले. "हाऊ चिमणीना ठसका नही. हाऊ मन्हा शे."

पुढची वांगी यायच्या आत ते गेले. त्यांच्या उत्तरकार्याला आम्ही रनाळ्याला गेलो. आजूबाजूच्या हॉटेलांतले कितीतरी आचारी आले होते. घरामागच्या मोकळ्या जागेत मोठ्या पातेल्यात आमटीची फोडणी पडली, आचाऱ्यानं त्यात मूठभर मिरच्या टाकल्या आणि पंगतीला ठसका लागला. बसलेल्या सगळ्यांच्या माना एकदम वर गेल्या. वर नुसतं आभाळ होतं.

शेजारी नंदा बसली होती. तिनं डोळे गच्च मिटले होते आणि तिचा हात पुढं होऊन हवेत काहीतरी चाचपत होता. मी माझा हात त्यात दिला. तिनं तो घट्ट धरला, पण डोळे उघडले नाहीत.