चाचांचा कान

दुबईतल्या आमच्या गॅरेजवाल्या रत्नागिरीच्या चाचांना गाडीचं दुखणं आपण सांगितलेलं खपत नाही. "तू गप रे, तिला बोलू दे," म्हणतात आणि डोळे मिटून ऐकतात.

जानेवारीत जेबेल जैसच्या डोंगरावर पहाटेच्या कडाक्यात गाडी सुरूच होईना. चाचांना फोन लावून डॅशबोर्डवर ठेवला, किल्ली फिरवली. टक टक टक.

"थंडीनं बॅटरी बसली, खलास." मग थांबून म्हणाले, "मागे खोकतंय कोण?"

"मुलगी. नुसती सर्दी आहे, चाचा."

"मला शिकवू नको! श्वास अडकतोय तिचा. गाडी सोड, कुणाच्याही गाडीतून हॉस्पिटल गाठ. यल्ला!"

न्यूमोनिया निघाला.

तिसऱ्या दिवशी त्यांचाच फोन आला. गाडीचं काही विचारलं नाही.

"तू गप," म्हणाले, "फोन तिच्याजवळ धर."