लिस्बनचा एक काठ

मी लिस्बनला गेलेली नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण इथे मस्कतजवळच्या सीबमधल्या निम्म्या मराठी बायकांना वाटतं की मी जाऊन आले. मागच्या गणपतीत कुरुम भागातल्या एका बाईंनी मला कोपऱ्यात घेतलं. त्यांची युरोपची टूर ठरली होती आणि लिस्बनला नदीकाठी काय काय बघावं, हे त्यांना विचारायचं होतं. मी हातात मोदकांचं ताट धरून त्यांना अख्खा काठ सांगितला. कुठे ऊन लागतं, कुठे पायऱ्या निसरड्या आहेत, सगळं. त्या म्हणाल्या, किती बारकाईनं पाहिलंत हो तुम्ही. मी हो म्हटलं. नाही म्हटलं असतं तर सगळंच सांगावं लागलं असतं, आणि आरतीची वेळ झाली होती.

पोर्तुगीजांनी जन्मापासून माझा पिच्छा सोडलेला नाही. माझं माहेर रेवदंड्याचं. तिथे त्यांच्या कोटाच्या भिंतींआड नारळीच्या बागा आहेत, आणि शाळेतून येताना आम्ही त्या भिंतीवर बसून चिंचा खायचो. लग्न होऊन मस्कतला आले तर बंदराच्या दोन्ही अंगांना पुन्हा त्यांचेच किल्ले. तेव्हा मी नवऱ्याला म्हटलं होतं, ही मंडळी इथेही माझ्या आधी पोचली. तिकडून त्यांना मराठ्यांनी हाकललं, इकडून ओमानींनी. शेवटी माझा मुलगा त्यांच्या दारात जाऊन उभा राहिला. म्हणजे आम्हाला तसं वाटलं.

मुलगा इथलाच. सीबच्या वाळूत चालायला शिकला, इंडियन स्कूलमध्ये शिकला. इंग्रजी फाडफाड, हिंदी दोस्तांपुरती, अरबी दुकानापुरती आणि मराठी आईपुरती, तीही मोडकीतोडकी. बराच मोठा होईपर्यंत तो ‘आई, मी भूक लागलो’ असं म्हणायचा आणि मी हसत वाढायचे. त्याचे वडील एसी दुरुस्तीच्या कंपनीत सुपरवायझर आहेत. पण पोरगा मोठा झाला की बापाच्या व्हिसावर राहता येत नाही. जिथे जन्मला तिथून निघायचं, आणि ज्या देशाचा पासपोर्ट, तो फक्त सुट्टीत पाहिलेला. त्याने मुंबईत हॉटेलचा कोर्स केला, तिथे त्याचं मन रमेना. मग ओळखीतून एक एजंट आला. लिस्बनला नदीकाठच्या हॉटेलात काम आहे, बाकीचे कागद तिथे पोचल्यावर होतील, म्हणाला. मला त्या माणसाचा चेहरा आवडला नव्हता. पण मला कुणाचाच चेहरा चटकन आवडत नाही, त्यामुळे घरात माझं मत कुणी मनावर घेत नाही.

जाण्याआधी तो फोनवर पोर्तुगीज शिकायचा आणि स्वयंपाकघरात येऊन मला शब्द ऐकवायचा. चावी, साबण, मेज, बादली. मी म्हटलं, अरे, हे तर आमचेच शब्द. माझ्या आईच्या तोंडी खिडकीला जनेल असायचं, तेही त्यांचंच निघालं. अर्धी भाषा तुला घरातून मिळाली आहे, आता अर्धीच शीक, असं मी त्याला चिडवलं. तो खूश होऊन गेला. विमानतळावर माझ्या पाया पडायचं विसरला आणि आत गेल्यावर काचेमागून वाकून दाखवलं.

मग रोज सकाळी एक फोटो यायला लागला. नदीचा, पुलाचा, टेकडीवरच्या किल्ल्याचा. शुक्रवारी दुपारी फोन, तोही नुसता आवाज. व्हिडिओ लाव म्हटलं की नेट नीट नाही म्हणायचा. कामाचं विचारलं की बरं चाललंय, एवढंच. मला पोराची काही खबर कळत नव्हती, म्हणून मी त्याच्या शहराची खबर काढायला लागले. जो फोटो येईल त्याच्याबद्दल वाचायचं. इंग्रजी अडलं की शब्दकोश घ्यायचा. तो ज्या दगडावर उभा असेल त्या दगडाची माहिती काढली की मला वाटायचं, आज आपण त्याच्याजवळ जाऊन आलो.

फार जुनं शहर. रोमन यायच्या आधीही तिथे व्यापारी गलबतं नांगरून पडायची. मग रोमन आले, मग अरब. अरबांनी चारेकशे वर्षं राज्य केलं. किल्ल्याच्या पायथ्याला नदीकडे उतरत जाणारी अरुंद गल्ल्यांची वस्ती आहे, तिला आल्फामा म्हणतात. मी ते नाव शेजारच्या ओमानी मावशींना वाचून दाखवलं तर त्या लगेच म्हणाल्या, अल-हम्मा, गरम पाण्याचा झरा, आपल्या नखल गावाला आहे तसा. मला इतका आनंद झाला की मी त्यांना चहाला थांबवून घेतलं. माझं पोर अगदीच परक्या ठिकाणी नाही, असं वाटलं मला. एका नावाचा केवढा आधार घेतला मी.

त्या शहराचं एक मोठं चौक-अंगण आहे. तीन बाजूंना पिवळ्या इमारती आणि चौथी बाजू नदीला मोकळी. त्याला लोक अजून राजवाड्याचं अंगण म्हणतात, पण राजवाडा तिथे नाही. भूकंपात गेला. सगळ्या संतांच्या सणाचा दिवस होता, माणसं चर्चमध्ये जमली होती, मेणबत्त्या पेटलेल्या होत्या. जमीन हलली, चर्च कोसळली, आगी लागल्या. जे वाचले ते मोकळी जागा म्हणून नदीकाठी धावले. तिथे नदीचं पाणी मागे सरलेलं, तळ उघडा पडलेला. लोक बघत उभे राहिले, आणि तेच पाणी परत त्यांच्यावर चालून आलं. हे वाचलं त्या दिवशी मी भाजी करपवली. सुटलो म्हणून माणूस जिथे जाऊन उभा राहतो तिथेच त्याला गाठतात, हे मला सहन होईना. नवरा म्हणाला, कधीकाळची गोष्ट, तू आज कशाला रडतेस.

एका सकाळी फोटो आला तो नदीच्या तोंडाशी पाण्यात पाय सोडून उभ्या असलेल्या जुन्या दगडी बुरुजाचा. बुरुजामागे समुद्राच्या बाजूला, पाण्याला टेकलेला लालबुंद सूर्य. खाली मुलाने लिहिलं होतं, ‘गुड मॉर्निंग आई, सेम टू सेम सीब.’

मी तो फोटो पाहिला, गॅसवर दूध ठेवलं, आणि परत पाहिला.

कोकणातल्या माणसाला समुद्र म्हणजे मावळती. लग्नानंतर सीबच्या किनाऱ्यावर मी सूर्य पाण्यातून वर येताना पहिल्यांदा पाहिला, तेव्हा दिवसभर मला दिशा लागेनात. माझ्या मुलाचं उलट. त्याचा सूर्य लहानपणापासून समुद्रातून उगवतो. रेवदंड्याला नेला की पहाटे किनाऱ्यावर जाऊन विचारायचा, सूर्य कुठे गेला. त्याच्या हिशेबी पाण्यावर टेकलेला सूर्य म्हणजे सकाळच. पण लिस्बन आमच्या रेवदंड्यासारखं. त्याचा समुद्र पश्चिमेला आहे. त्या बुरुजामागे सूर्य फक्त मावळू शकतो. तिथे एक दिवस राहिलेल्या माणसालाही हे कळलं असतं.

नवरा अंघोळ करून आला. मी फोन त्याच्यासमोर धरला. तोही अलिबागकडचा. त्याने बराच वेळ पाहिलं आणि टॉवेल खांद्यावर तसाच ठेवून खाली बसला.

“ही संध्याकाळ आहे,” तो म्हणाला.

दूध उतू गेलं, गॅस कुणीच बंद केला नाही.

मग आम्ही सगळे जुने फोटो काढून पाहिले. एकातही तो स्वतः नव्हता. एकात लोक जाड कोट घालून होते आणि महिना होता जुलै. हे आम्हाला आधी का दिसलं नाही, म्हणून आम्ही एकमेकांवर ओरडलो. एजंटचा फोन बंद होता. त्याचं ऑफिस सांगितलं होतं तिथे माझ्या भावाने जाऊन पाहिलं, तर शिवणकामाचा क्लास. जिथे जिथे तक्रार घेतात तिथे नवरा गेला. सगळे नीट बोलले. पण प्रत्येकाने पहिला प्रश्न तोच विचारला, मुलगा कोणत्या देशात आहे. आम्हाला तेच तर माहीत नव्हतं. नवऱ्याचा ओमानी साहेब म्हणाला, इन्शाल्ला मिळेल, आणि त्याला रजा दिली. मी देवापुढे बसायचे आणि मला एकही स्तोत्र आठवायचं नाही. तोंडात सारखं ते एकच यायचं, कुठे आहेस, कुठे आहेस.

आता त्याचा शेवटचा फोन आला तो शुक्रवार. त्यानंतर आम्ही काय काय केलं, कुणाकुणाचे पाय धरले, ते लिहीत नाही. ते अजून चालू आहे. त्या शुक्रवारनंतर फोटो आला नाही, फोन आला नाही, आणि मुलगा परत आलेला नाही.

दुपारी नमाज सुटून गल्लीतल्या गाड्या निघून गेल्या तेवढ्यात फोन वाजला. नवरा पेन घेऊन समोर बसला. आमचं ठरलं होतं की सरळ काही विचारायचं नाही, कारण शेजारी कोण असेल सांगता येत नाही. मी नेहमीसारखं जेवलास का विचारलं. मग सहज विचारावं तसं विचारलं, “काय रे, तुझ्या जनेलातून काय दिसतं?”

मला वाटलं फोन तुटला.

“आई,” तो म्हणाला, “इथे जनेल नाही.”

माझा मुलगा माझ्याशी मराठीत एक वाक्य बोलला की दुसरं इंग्रजीत बोलायचा. त्या दिवशी तो इंग्रजी शब्द तोंडातून जाऊ देत नव्हता. अंधारात जिना उतरताना माणूस पाय टेकवत जातो तसा एकेक मराठी शब्द चाचपत होता. इथे तुझी भाषा कुणाला येत नाही, म्हणाला. बाकीच्या येतात. त्या भाषांची नावंही त्याने घेतली नाहीत. मला सगळं समजलं. तो म्हणाला, आम्ही तिकडे गेलोच नाही, गाडीत घालून भलतीकडे आणलं. खूप जण आहोत. माझी निळी वही त्यांच्याकडे आहे. पासपोर्ट म्हणायचं होतं त्याला. तो शब्द त्याला चालणार नव्हता आणि दुसरा येत नव्हता. फोटो तेच देतात, म्हणाला, घरी पाठवायला. तू कुठे आहेस, या प्रश्नाला तो नुसतं नाही माहीत म्हणाला, आणि त्याचा आवाज अगदी लहानपणीचा झाला.

“आई, तू बोल. थांबलीस की हातातून घेऊन टाकतात. त्या गावाचं बोल.”

लिस्बन हे नाव त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या पहारेकऱ्याला कळत असणार. ते कानावर पडत राहिलं की सगळं ठीक चाललंय असं त्याला वाटत असणार. म्हणून मी बोलायला लागले. लिस्बन, लिस्बन करत मी किल्ल्यापासून सुरुवात केली, आल्फामाच्या गल्ल्यांतून त्याला खाली उतरवलं, वाळत घातलेल्या कपड्यांखालून. भूकंप गाळला. पिवळ्या अंगणातून त्याला पाण्यापर्यंत नेलं. तिथे दोन खांब नदीत उभे आहेत आणि भरतीला पायऱ्या बुडतात, जपून, म्हटलं. मधेच विचारलं, तुला आगगाडी ऐकू येते का, नुसतं हो किंवा नाही म्हण. त्याला आगगाडी कळेना. झुकझुक म्हटलं तेव्हा कळलं. नाही, म्हणाला. घंटा? हो. मग पुढे चालले, बोटींच्या धक्क्यावर आले. जहाजाचा भोंगा, म्हटलं. तो शब्दही त्याला येत नव्हता. मी माझ्या स्वयंपाकघरात उभी राहून तोंडाने भोंगा वाजवून दाखवला, दोनदा, आणि नवरा पेन हातात धरून रडायला लागला.

“हो,” मुलगा म्हणाला. “जवळ.”

नवऱ्याने लिहिलं, बंदर. थंडी आहे का विचारलं. हो. समुद्राचा वास? हो. एवढंच मिळत होतं, आणि माझा काठ संपत आला होता. मी हळू केलं. लाल पुलाखालून जाताना वर गाड्या कशा घोंगावतात ते सांगितलं. आपल्याकडे यायचा रस्ता ज्याने शोधला त्या दर्यावर्दीची कबर जिथे आहे, त्या मठात शिरले. आपल्याकडच्या मिरीच्या पैशावर बांधलेला मठ, त्याच्या खांबांवर दगडात कोरलेले दोरखंड, ते एकेक सांगितले. तो मधून मधून हं म्हणत होता. मागे कुणीतरी काहीतरी बोललं, त्याचं हं आणखी बारीक झालं. मी बुरुजाशी पोचले. बुरुजापुढे सांगण्यासारखं काही नाही, नुसता समुद्र.

नवरा हाताने खुणावत होता, बोल, बोल. पलीकडच्या काठाचं मी एक अक्षरही वाचलेलं नव्हतं. मी मागे वळले, पूल ओलांडला आणि त्या काठावर दिसेल ते सांगायला लागले.