पाटीलमामांच्या डब्यात काय असेल?

मी चौकस माणूस आहे. (‘भोचक’ हा शब्द माझ्या बायकोचा. ती साताऱ्याची, तिला शब्द जपून वापरायची सवय नाही.)

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेच्या लॉकडाऊनमध्ये या गुणाला खरा वाव मिळाला. ऑफिसचं काम घरून, म्हणजे लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर आणि मी बाल्कनीत! नेरूळला आमचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर, अगदी गेटसमोर. बिल्डिंग चार मजली, बिऱ्हाडं सोळा. कोण किती वाजता बाहेर पडलं, कशाला पडलं, मास्क नाकावर होता, हनुवटीवर होता की खिशात होता, सगळं मला वरून दिसायचं. आणि दिसलं की राहवायचं नाही.

बरं, नियम तरी काय अवघड होता? दुकानं सकाळी थोडा वेळ उघडी. तेवढ्यात सगळं आणायचं आणि घरी बसायचं. पण आमच्याकडे लोकांना कोथिंबीर आठला आठवायची, लिंबू नऊला आणि मिरच्या साडेदहाला. पहिल्या मजल्यावरचे कुलकर्णी तर एकेक अंडं आणायला जातात असा माझा संशय होता. तिसऱ्या मजल्यावरच्या दोघी बहिणी कुत्रा फिरवायला न्यायच्या. कुत्रा चौथ्या मजल्यावरच्यांचा! त्या एका कुत्र्याला दिवसातून सात वेळा सात वेगवेगळी माणसं फिरवायची. शेवटी शेवटी ते मुकं जनावर पट्टा दिसला की पलंगाखाली जाऊन बसायचं.

मी हे सहन करणारा नव्हे. मी खाली उतरायचो आणि गेटपाशी एकेकाला अडवायचो.

“कुठे निघालात?”

“जरा औषध आणायला.”

“काल पण औषधच होतं.”

“कालचं संपलं.”

मग माझं डोकं फिरायचं. मास्कमधून ओरडलेलं नीट पोचत नाही, म्हणून मी मास्क जरा खाली ओढायचो आणि “हॉस्पिटलात बेड मिळत नाहीयेत, कळतंय का तुम्हाला?” इथून सुरुवात करायचो. माणसं मान खाली घालून सगळं ऐकून घ्यायची. मी जिना चढायला लागलो की गेट वाजायचं.

राग खोटा नव्हता हो. घरात आई होती. वय चौऱ्याहत्तर, वर दमा. बातम्या लागल्या की ती टीव्हीचा आवाज बंद करून नुसती चित्रं बघायची. समोरच्या बिल्डिंगमधून दोन माणसं ॲम्ब्युलन्समधून गेली, ती परत आली नाहीत. आणि इकडे आमचे शेजारी आइस्क्रीम आणायला निघालेले!

पण या सगळ्यांपेक्षा मला छळलं ते पाटीलमामांनी.

पाटीलमामा तळमजल्यावरचे. मूळ जवळच्याच सारसोळे गावचे. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे आमची बिल्डिंग उभी आहे तिथे पूर्वी त्यांच्या वडिलांचं भाताचं शेत होतं. त्यामुळे ते गेटमधून असे जायचे, की जणू बांधावरून चाललेत. रोज दुपारी साडेचारला, जेव्हा औषधाचं सोडून एकही दुकान उघडं नाही, तेव्हा मामा बाहेर पडायचे. हातात कडीचा मोठा स्टीलचा डबा. जाताना डबा जड, खांदा एका बाजूला कललेला. तासाभराने परत, तेव्हा डबा हातात हिंदकळायचा. म्हणजे रिकामा!

डब्यात काय असेल? माझा पहिला अंदाज, दारू. दुसरा अंदाज, मामा चोरून मासे विकतात. एकदा तर वाटलं, कुठेतरी पत्त्यांचा अड्डा भरतो आणि मामा तिथे भजी पुरवतात. मीटिंगमध्ये साहेब काहीतरी विचारत होते आणि मी मनात भजी मोजत होतो.

शेवटी बाल्कनीतून विचारलंच.

“मामा, रोज कुठे?”

“हिकरंच.”

“डब्यात काय?”

“जेवान.”

“कोणाचं?”

“खानाऱ्याचं,” असं म्हणून मामा चालायला लागले. थांबलेसुद्धा नाहीत!

त्या दिवशी मी ठरवलं, या माणसाला रंगेहाथ पकडायचं. दुसऱ्या दिवशी सव्वाचारला मी तयार झालो. हातात कापडी पिशवी. खिशात आईच्या डोळ्यांच्या थेंबांची चिठ्ठी, पोलिसांनी अडवलं तर दाखवायला. गळ्यात दुर्बीण. (खाडीवरचे फ्लेमिंगो बघायला घेतली होती. एरवी तिच्यातून मला जास्तकरून समोरच्यांचं स्वयंपाकघर दिसायचं, पण ते असो.)

“कुठे?” सुजाता, म्हणजे माझी सातारकर बायको, दारात आडवी आली.

“पाटीलमामा नियम मोडतायत. पुरावा पाहिजे.”

“अहो, दुसऱ्याने नियम मोडला हे बघायला तुम्ही बाहेर पडणार? मग तुम्ही काय करताय?”

“निरीक्षण!”

मामा पुढे आणि मी पन्नास पावलं मागे. रस्त्यावर चिटपाखरू नाही. मी कधी गुलमोहराआड, कधी उभ्या टेम्पोआड. मामा एकदा अचानक मागे वळले, तेव्हा मी चटकन खाली वाकून बुटाची नाडी बांधायला लागलो. (पायात चपला होत्या.) मामा पुढे निघाले. वय सत्तरीच्या घरात, पण काय ती चाल! मला धाप लागली. मास्कमध्ये श्वास पुरेना, तो हनुवटीवर आला.

सारसोळे गावात शिरल्यावर मामा एका बैठ्या घरापाशी थांबले. मी लांबच्या कोपऱ्यावर भिंतीला चिकटून दुर्बीण लावली. मामांनी डबा ओट्यावर ठेवला. तिथे आधीच ठेवलेला तसलाच रिकामा डबा उचलला. दाराची कडी वाजवली आणि मोजून दहा पावलं मागे येऊन उभे राहिले. खिडकी उघडली. आत एक म्हातारी. केस विसकटलेले, चेहरा उतरलेला.

“अक्के, कालचा जेवलीस कं?” मामांचा आवाज माझ्यापर्यंत आला.

म्हातारी काहीतरी पुटपुटली.

“चव नाय लागली तरी खायाचा. तुज्या वहिनीनं केलाय. आनि सुना-पोरं हास्पिटलातनं येतील तवा त्यांना तू उभी दिसली पायजेस. समाजला?”

म्हातारीने खिडकीचे गज धरून मान हलवली. मामा तिथेच, दहा पावलांवर, तिच्याशी बोलत उभे राहिले. पावसाचं, आंब्याचं, कोणाच्या तरी म्हशीचं. मी दुर्बीण खाली घ्यायला हवी होती. पण काचा धुरकटल्या होत्या आणि त्या काचाच धुरकट आहेत की माझे डोळे, हे मला कळत नव्हतं.

तेवढ्यात खांद्यावर काठी टेकली.

“काका, काय बघताय?”

हवालदार! माझ्या तोंडून सवयीने… म्हणजे रोज दुसऱ्यांचं ऐकून ऐकून झालेल्या सवयीने बाहेर पडलं, “औषध आणायला चाललोय.”

“दुर्बिणीतून?”

मी चिठ्ठी काढली. त्याने ती उलटसुलट केली.

“मालती सामंत म्हणजे तुम्ही?”

“आई माझी. डोळ्यांचे थेंब.”

“तारीख बघितली काय? तीन वर्षं झाली. आजींचे डोळे जागेवर आहेत ना अजून? आणि इकडे पुढे खाडी लागते काका. थेंब काय मासे देणारेत?”

आता खरं बोलण्यावाचून उपाय नव्हता. “साहेब, उलट मी नियम मोडणाऱ्याला पकडायला आलोय!”

“अरे वा! मग सापडला की!” हवालदार म्हणाला.

“मी नाही हो! ते बघा, ते पाटील!”

“त्यांना आम्हीच परवानगी दिलीय. अख्खं घर ॲडमिट, म्हातारी एकटी. रोज येतात, लांबून डबा देतात, जातात. दोन मास्क लावतात ते. तुमचा कुठाय?”

मी हनुवटी चाचपली.

नाक्यावर ताडपत्रीखाली टेबल मांडलं होतं. विनाकारण फिरताना जो सापडेल त्याची जागच्या जागी टेस्ट. रस्त्यावर चुन्याने गोल आखलेले, एकेका गोलात एकेक गुन्हेगार. आम्ही सात-आठ जण होतो. सगळे औषध आणायला निघालेले! पीपीई किटमधल्या मुलीने माझ्या नाकात काडी घातली ती अशी, की ती मागून बाहेर येते की काय असं वाटलं. तेवढ्यात रिकामा डबा हलवत पाटीलमामा आले.

“सामंता, तू हिकरं कं करतंस?”

“मामा… जरा पाय मोकळे करायला.”

मामांनी माझ्याकडे बघितलं, दुर्बिणीकडे बघितलं, आणि शहाण्या माणसासारखे ते घरच्या वाटेला लागले.

पंधरा मिनिटांनी मुलीने हाक मारली. “सामंत मिलिंद कोण?”

“मी.”

“पॉझिटिव्ह.”

आजूबाजूचे सगळे गोल एकदम रिकामे झाले!

“मॅडम, काहीतरी चूक होतेय. मी घराबाहेरच पडत नाही!”

“हो,” ती पुढची काडी उघडत म्हणाली. “कोणीच पडत नाही.”

हवालदार चार पावलं मागे सरकला होता. “काका, तुम्ही आता कोणाला पकडू नका. जागेवरच उभे राहा.”

मला ना ताप, ना खोकला. घरी वेगळी खोली, वेगळं बाथरूम असल्यामुळे घरातच राहायची परवानगी मिळाली. मला सोडायला आलेली ॲम्ब्युलन्स गेटपाशी थांबली आणि मी दुर्बीण सावरत उतरलो. वर बघितलं तर प्रत्येक बाल्कनीत माणसं! इतक्या दिवसांत पहिल्यांदाच सगळी बिल्डिंग एकाच वेळी घरात होती.

सुजाताने दार उघडून नुसतं खोलीकडे बोट दाखवलं. तिने काही टोमणा मारला असता तर बरं वाटलं असतं. आई हॉलमध्ये खुर्चीत बसली होती. तिच्या लांबून, भिंतीला घासत, मी आत गेलो आणि कडी लावली. मग खाटेच्या कडेवर टेकलो. या बाईला काही होऊ नये म्हणून मी गावभर ओरडत होतो, आणि आजार घरात आणला तो मीच!

दुसऱ्या दिवशी सकाळी महापालिकेतून एका बाईंचा फोन आला. “गेल्या काही दिवसांत मास्क नसताना, जवळून, दहा-पंधरा मिनिटं कोणाशी बोललात का?”

“कोणाशीही नाही,” मी ठामपणे म्हणालो.

फोन स्पीकरवर होता. दाराबाहेरून सुजाताचा आवाज आला, “मॅडम, थांबा. मी सांगते.”

आणि तिने मजल्यामजल्याने सांगायला सुरुवात केली. “पहिल्या मजल्यावरचे कुलकर्णी. अंड्यावरून, पंधरा मिनिटं. तिसऱ्या मजल्यावरच्या दोघी बहिणी. कुत्र्यावरून, वीस मिनिटं. चौथ्या मजल्यावरचे कुत्र्याचे मालक, त्यांना तर दोनदा.”

“आणि मास्क?”

“हनुवटीला. मास्क वर असला की ह्यांना रागावता येत नाही.”

एकोणीस नावं झाली! सगळ्यांची टेस्ट आणि सगळ्यांना चौदा दिवस घरात बंद. ज्यांना मी ‘घरात बसा’ म्हणून सांगत होतो, नेमके तेच एकोणीस. यादीत पाटीलमामा तेवढे नव्हते, कारण ते माझं ऐकायला कधी थांबलेच नव्हते.

रिपोर्ट यायला दोन दिवस लागले. ते दोन दिवस मी दाराला कान लावून काढले. आईचा दम्याचा खोकला मला चाळीस वर्षं ओळखीचा. तरी प्रत्येक वेळी वाटायचं, हा वेगळा आहे का? जरा कोरडा आहे का? दुपारी दारावर टकटक झाली.

“मिलिंद, जेवलास का?”

“आई, दारापासून लांब हो आधी!”

“लांबच आहे. तुझा आवाज लांबूनच बरा ऐकू येतो.” मग म्हणाली, “घाबरला आहेस का रे?”

“नाही.”

“मी थोडी घाबरलेय,” आई म्हणाली. “म्हणून आले.”

मी दाराच्या या बाजूला जमिनीवर बसलो आणि खुर्ची सरकल्याचा आवाज आला, म्हणजे तीही लांब तिकडे बसली असावी. आम्ही बराच वेळ काहीबाही बोललो. पावसाचं, आंब्याचं.

संध्याकाळी सुजाताने बाहेरून ओरडून सांगितलं, “आई निगेटिव्ह! मी निगेटिव्ह! एकोणीसच्या एकोणीस निगेटिव्ह!” मी बाथरूममध्ये जाऊन नळ मोठा सोडला आणि पोटभर रडून घेतलं. (“पाणी किती वाया घालवताय?” हेही बाहेरून ऐकू आलं.)

पण मग मला झाला कोणाकडून? हा प्रश्न काही डोक्यातून जाईना. मी खाटेवर पडून नकाशे काढले, बाणबिण दाखवले. शेवटी पाटीलमामांचा फोन आला तेव्हा त्यांनाच विचारलं.

“तू सगल्यांवर वरडत व्हतास नं,” मामा म्हणाले. “कोनीतरी गपचूप परत दिला आसंल. मोठा इचार करू नको. अक्का बरी हाय आता. काल बोलली, कालवनात मीठ कमी.”

ते चौदा दिवस बिल्डिंगमध्ये अशी शांतता होती की पंख्यांचे आवाज ऐकू यायचे. दूध, भाजी, औषधं सगळ्यांच्या दारात पाटीलमामा पोचवायचे. कुत्र्यालाही दिवसातून दोनदाच बाहेर काढायचे. तो खूप सुधारला. कोणाला मिरच्या आठवल्या नाहीत की लिंबू. कुलकर्ण्यांनी तर अंड्याचं नावही काढलं नाही. माझ्याशीही कोणी बोललं नाही, पण ते नियमाप्रमाणेच होतं.

पंधराव्या दिवशी महापालिकेच्या त्याच बाईंचा फोन आला. आवाजात कौतुक होतं.

“सामंतसाहेब, आमच्या वॉर्डात तुमची बिल्डिंग एक नंबर! त्या परवानगीवाल्या पाटलांना सोडलं तर चौदा दिवस एक माणूस गेटबाहेर दिसला नाही. बाकीच्या सोसायट्यांना सांगून सांगून आमचे घसे बसले. तुम्ही लोकांना समजावलंत तरी कसं?”

“समजावून काही उपयोग झाला नाही मॅडम,” मी म्हणालो. “शेवटी मी स्वतःच बाहेर पडलो.”